माझ्या स्टुलाखालची फळी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर पूर्ण, धंदा ड्रम वाजवणे, राहणार घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, कोणी गळ घातलेली नाही आणि मी प्यायलेलो नाही. ते सोडून सतरा वर्षे झाली. कान वगळता बाकीचे अवयव आणि अक्कल जागेवर आहे. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रागाच्या भरात केले होते, ते आजपासून रद्द समजावे. त्यात 'धाकट्या भावाला काहीही देऊ नये' एवढे एकच वाक्य होते.

वकीलबाईंनी सगळ्यांची पूर्ण नावे, पत्ते शेवटी यादीत जोडले आहेत. मी इथे ज्याला जे म्हणत आलो तेच म्हणणार. त्यांनी मला कायद्याची भाषा समजावून सांगितली आहे. जमेल तितकी पाळतो.

आधी हे आत्ताच का लिहितोय ते सांगतो. आमचा रॉक बँड चव्वेचाळीस वर्षांचा आहे. माणसं चार, तीच. गायक, गिटारवाला, बेस वाजवणारा माझा धाकटा भाऊ, आणि मी. यंदाचा हंगाम बाकी सगळ्यांना मंदीचा चाललाय. सध्या आम्ही वाजवतोय त्या सभागृहाच्या बाहेरच्या भिंतीवर नव्या बँडांची पोस्टरं आहेत आणि निम्म्यांवर 'रद्द' अशी पट्टी चिकटवलीय. हॉलवाले म्हणजे इथले व्यवस्थापक परवा मला तोंड मोठं करून, ओठ दिसतील असं म्हणाले, "तुम्ही म्हातारे इथे नसतात तर या महिन्यात मी पंखे पुसत बसलो असतो." आमचे सहाच्या सहा कार्यक्रम भरलेत. लोक उशा घेऊन येतात, गोळ्यांच्या डब्या घेऊन येतात, एका मध्यंतरात त्यांचं भागत नाही म्हणून आम्ही दोन घेतो. पहिल्या रांगेत एक बाई असते. तिचा नवरा तिला आमच्याच कार्यक्रमात भेटला होता, आता तो नाही. ती अजून दोन तिकिटं काढते आणि शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवते. तिच्याकडे बघून मी शेवटचं गाणं वाजवतो.

तर भरलेलं सभागृह सोडून मी मृत्युपत्र का लिहितोय? माझ्या रक्तात बिघाड झालाय. डॉक्टरांना विचारलं, पुढच्या हंगामाच्या तारखा द्यायच्या का? ते कागदावर लिहू लागले, मग पेन ठेवलं आणि नुसती नकारार्थी मान हलवली. ही गोष्ट वकीलबाईंखेरीज कोणाला ठाऊक नाही. कार्यक्रम संपेपर्यंत कळूही नये.

कलम पहिले : देहाविषयी.
थाटमाट नको. आमची गाणी लावू नयेत, लोक उगाच टाळ्यांचा ठेका धरतील. गायकाला बोलू देऊ नये. तो बोलायला लागला की थांबत नाही आणि शेवटी स्वतःच्या दमेकऱ्या मावशीवर येतो.

कलम दुसरे : गायकास.
माझे वाचायचे तिन्ही चष्मे. तो पायाशी गाण्याचा कागद ठेवतो आणि दिसत नसलं तरी चष्मा लावत नाही, कारण चामड्याच्या जाकिटावर चष्मा शोभत नाही म्हणे. त्या जाकिटाचं बटण लागत नाही ते चालतं. गेल्या तीन कार्यक्रमांत त्याने दुसरं कडवं दोनदा म्हटलंय. अरे बाबा, लाव आता. तुझ्याकडे कोणी बघत नाही, सगळे आपापल्या विशीकडे बघतायत.

कलम तिसरे : गिटारवाल्यास.
आमच्या व्हॅनमधली मागची लांब सीट. ती त्याची नाही, कधीच नव्हती. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा माझ्या नावाची निघाली होती. तरी चव्वेचाळीस वर्षं हा गडी तिच्यावर आडवा पसरतो आणि आम्ही तिघं पुढे गुडघे पोटाशी घेऊन बसतो. आता ती रीतसर त्याची. सोबत माझी मानेची उशी.

कलम चौथे : पत्नीविषयी.
लग्न झाले होते. वर्षातले आठ महिने दौऱ्यावर असणारा नवरा तिने सहा वर्षे सहन केला, पुढे नाही. तिने दुसरा संसार केला आणि चांगला केला. तिला काही पाठवून जुनं उकरू नये. ती बरोबर होती, एवढं मात्र मी इथे लिहून ठेवतो.

कलम पाचवे : पुतणीस.
माझे दोन्ही ड्रमसंच आणि बँकेत जे असेल ते. मला मूल नाही, ही भावाची एकुलती एक. ती कानाच्या दवाखान्यात तपासणीच्या यंत्रावर बसते. आठ वर्षांपूर्वी मी चोरून तिच्याकडे गेलो होतो. तिने मला काचेच्या खोलीत बसवलं, म्हणाली, "काका, आवाज आला की बटण दाबायचं." मी आपला वाट बघत बसलो. बऱ्याच वेळाने तिच्याकडे बघितलं तर ती काचेपलीकडे डोळे पुसत होती. यंत्र केव्हाचं वाजत होतं.

मी तिला माझी शपथ घातली, तुझ्या बापाला कळता कामा नये. तिने हो म्हटलं आणि त्याच संध्याकाळी बापाला सांगितलं. हे मला गेल्या वर्षी कळलं. शपथ मोडल्याबद्दल तिला ड्रम देत आहे. खोलीत जागा नसेल तर विकावेत, पण मोठा ड्रम विकण्याआधी एकदा लाथ मारून बघावी. बरं वाटतं.

कलम सहावे : धाकट्या भावास.
इथे कायद्याची भाषा राहणार नाही. वकीलबाईंनी माफ करावं.

आम्ही दोघं एकोणीस वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही. मंचावर चार हातांच्या अंतरावर उभं राहायचं, व्हॅनमध्ये मांडीला मांडी लावून बसायचं, पण बोलायचं नाही. पूर्वी तो मला दादा म्हणायचा. त्यानंतर मी त्याला 'ड्रमवाले' झालो, तेही तिसऱ्याच्या तोंडून. "ड्रमवाल्यांना सांगा, निघायचंय." आणि मी म्हणायचो, "बेसवाल्यांना सांगा, आम्हाला डोळे आहेत."

झालं असं. आई दवाखान्यात होती आणि आम्ही बारा तासांच्या अंतरावर कार्यक्रमाला. मध्यंतरात त्याच्या बायकोचा फोन आला, आई गेली. त्याने फोन खिशात ठेवला, बेस गळ्यात अडकवला आणि उरलेला सव्वा तास वाजवला. कोणाला काही बोलला नाही. त्या दिवशी लोक खूश होते. मी आणखी तीन गाणी वाजवायला लावली, काठ्या हवेत उडवून झेलल्या, वेडेपणा केला. आई तिकडे गेलेली आणि मी इकडे काठ्या उडवतोय. सगळं आवरल्यावर व्हॅनपाशी त्याने मला सांगितलं. मी चार माणसांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. म्हटलं, "तू माझा कोणी नाहीस." तो एवढंच म्हणाला, "तुला तेव्हा सांगून काय झालं असतं?" ते आमचं शेवटचं बोलणं.

पुढे आईचं घर वाटलं गेलं. त्याला त्यातलं काहीच नको होतं, फक्त जेवणाचं टेबल हवं होतं. म्हणून मलाही तेच हवं झालं. त्या टेबलावर मी चमचे बडवून ताल शिकलो. आमटीचं भांडं उडायचं, तो खिदळायचा आणि आई म्हणायची, "हात आवर रे, हात आवर." टेबलापायी मी पाच महिने भांडलो. शेवटी तेच त्याला गेलं. मी जुनं मृत्युपत्र त्या आठवड्यात केलं.

आता फळीचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका नव्या सभागृहात वाजवलं. सिमेंटचा मंच, वर जाड गालिचा. तिथे गाणं संपलं तरी मी वाजवतच राहिलो. चांगले सोळा ठोके. गायकाने हात पसरून 'आणि आता, आमचे ड्रमवाले!' असं काहीतरी म्हटलं असावं, कारण लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. मध्यंतरात मी खोलीत येऊन तिघांवर तोंडसुख घेतलं. म्हटलं, गाणं आधी कापता आणि माझी शोभा करता? लाज नाही वाटत? तिघंही खाली बघत होते. भाऊ वाकून बूट काढत होता.

पुढच्या कार्यक्रमापासून माझ्या स्टुलाखाली एक लांब फळी यायला लागली. एका टोकावर माझं स्टूल, दुसरं टोक भाऊ उभा राहतो तिथवर. विचारलं तर म्हणे मंच सपाट करायला. मला पटलं. मूर्ख माणसाला काहीही पटतं.

गेल्या वर्षी सामान भरताना माझी काठी त्या फळीखाली घरंगळली. मी कड उचलली. खालच्या अंगाला काळं वर्तुळ होतं, गरम पातेल्याचा डाग. त्याच्या बाजूला चमच्यांचे खड्डे, ओळीने. ते खड्डे मी मोजून सांगू शकतो कोणत्या वर्षीचे. त्याने आईचं टेबल कापलं होतं. मला कळू नये म्हणून डागाची बाजू खाली घातली होती.

मी ती तशीच खाली ठेवली. त्या संध्याकाळी वाजवताना गायकाच्या ओठांकडे बघायचं सोडून मी भावाच्या पायाकडे बघितलं. प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या ठोक्याला त्याची उजवी टाच फळीवर आदळत होती. मणक्यातून माझ्या डोक्यापर्यंत येत होती. जुन्या लाकडी मंचांवर ती फळीशिवायही यायची, म्हणून मला कधी कळलं नाही. मला सात वर्षं वाटत होतं की कान गेले तर गेले, ताल माझ्या अंगात आहे. लोकांनाही मी तसंच छाती ठोकून सांगायचो. अंगात कसला डोंबलाचा ताल! ती माझ्या भावाची टाच होती.

पुतणीला दरडावून विचारलं तेव्हा तिने बाकीचं सांगितलं. त्याच्या टाचेचं हाड वाढलंय. डॉक्टरांनी टाच टेकवूसुद्धा नका म्हटलंय. मीही आता आरशातून बघतो. कार्यक्रम झाला की तो कोपऱ्यात जाऊन बूट काढतो, बर्फाच्या पिशवीवर पाय ठेवतो आणि भिंतीकडे तोंड करतो. मग जिन्यावरून एकेक पायरी उतरतो. मी तेव्हा पुढे होऊन त्याची बेसची पेटी उचलायला हवी होती. वर्षभर रोज ठरवतो आणि रोज काठ्या पुसत बसतो. बोलायला तोंड उघडलं तरी त्याचं उत्तर मला ऐकू येणार नाही, ही एक सबब. दुसरी सबब खरी आहे आणि ती आता लिहितो. ही मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

आई गेली त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तिने मला फोन केला होता. मी ड्रमची कातडी ताणत होतो. ती म्हणाली, "आज काही बरं वाटत नाहीये रे. जरा बोल ना." मी म्हटलं, "आई, ड्रम लावतोय. कार्यक्रम झाला की करतो." ती म्हणाली, "बरं. हात आवरून वाजव."

एवढंच. मी तिला पाच मिनिटं दिली नाहीत. आणि मग ते सगळं मी धाकट्यावर ढकललं, कारण तो समोर होता आणि उलट बोलणारा नव्हता. त्याच्या कानाखाली वाजवलेली ती माझ्या वाटणीची होती. भावा, माझं चुकलं. एकोणीस वर्षं चुकलं.

सबब माझ्या दोन्ही खोल्या, आतले सामान, आणि वर दिले ते सोडून उरलेले सर्व मी धाकट्या भावास देत आहे. त्याने न घेतल्यास किंवा त्याला घेता न आल्यास ते पुतणीस जावे. फळी मुळात त्याचीच आहे, ती त्याला परत. टेबलाचे पाय त्याने ठेवले असतील तर तिचे पुन्हा टेबल करावे, डागाची बाजू वर ठेवून त्यावर जेवावे.

कलम सातवे : बँडविषयी.
माझ्या मागे बँड बंद करू नये. पर्स ठेवणारी बाई मग कुठे जाईल? ड्रमच्या जागी यंत्र लावू नये. रिकामं स्टूल ठेवून त्यावर हार घालायचा नाटकीपणा तर मुळीच करू नये. कान शाबूत असलेला ड्रमवाला शोधावा. आणि माझ्या भावाने त्या दिवसापासून मऊ तळव्याचे बूट घालून, खुर्चीवर बसून वाजवावे. ही माझी आज्ञा समजावी. मी थोरला आहे.

साक्षीदारांविषयी : वकीलबाईंनी बजावलं आहे की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली तर त्याला दिलेलं रद्द होतं. सबब बँडमधल्या कोणाचीही सही घेऊ नये. हॉलवाले आणि दिवेवाला हे दोन साक्षीदार ठरले आहेत. कागद वाचायचे नाहीत, मी सही करताना बघायचं आणि आपली करायची.

सहीपूर्वी जोडलेला मजकूर :
हे मी मेकअपच्या खोलीत बसून लिहितोय. दिवेवाला शिडीवर अडकलाय, पुढचा मोठा दिवा गेला म्हणून. हॉलवाल्यांना माझे कलम-बिलम काही ठाऊक नाही. ते गेले आणि मोकळा दिसला त्याला घेऊन आले. म्हणाले, "तुमचाच माणूस आहे, घरचा."

धाकटा दारात उभा राहिला. मी कागद झाकायला गेलो. तोवर त्याने मथळा वाचला होता. त्याने हात पुढे केला. लहानपणी माझ्या वहीसाठी करायचा तसाच. मी दिले.

आता तो उभ्यानेच वाचतोय. खुर्ची सरकवली, बसत नाही. मी हे वेगळ्या पानावर लिहितोय, कारण हातांना दुसरं काय काम द्यावं कळत नाही. पहिल्या पानावर तो जरा हसला, मागच्या सीटपाशी असणार. पुतणीपाशी थांबला. आता सहाव्या कलमावर आहे. भिंतीला एक हात टेकलाय. उजवी टाच उचलून धरलीय, दुखत असणार. हॉलवाले खिडकीतून बाहेर बघतायत. प्रेक्षक आत यायला लागले असतील, जमीन थरथरतेय.

वाचून झालं. तो शेवटच्या पानावर आला आणि पेन मागतोय. मी तोंडाने सांगितलं, "अरे, तुझी चालत नाही. सही केलीस तर तुला काही मिळणार नाही. खोल्या जातील, सगळं जाईल. वाचलंस ना?" माझा आवाज मोठा निघाला असावा, हॉलवाले दचकले. त्याने होकारार्थी मान डोलावली. हात तसाच पुढे.

माझ्याने आता जास्त लिहवत नाही. वरील सर्व मजकूर माझा आहे आणि खरा आहे. दोघांच्या देखत सही करतो.

स्थळ : सभागृहाच्या मागची मेकअपची खोली, आरशासमोर.
वेळ : संध्याकाळ, पहिली घंटा झाल्यावर. हंगामातला सहापैकी चौथा कार्यक्रम. तारीख वकीलबाईंनी आधीच वर टाकली आहे.

लिहून ठेवणार : (सही) ड्रमवाले

साक्षीदार क्रमांक एक : (सही) सभागृहाचे व्यवस्थापक. माझ्यासमोर सही केली. कागद वाचलेले नाहीत.

साक्षीदार क्रमांक दोन : (सही) धंदा बेस वाजवणे. नाते, धाकटा भाऊ. वाचून सही केली. मला खोल्या नकोत.

तुला ऐकू येणार नाही म्हणून इथेच लिहितो. तो सकाळचा फोन मला माहीत होता. तुझ्यानंतर आईने मला लावला होता. म्हणाली, दादाला त्रास देऊ नकोस, तो ड्रम लावतोय. म्हणून मध्यंतरात तुला सांगितलं नाही. पुढे तू कधी विषय काढला नाहीस, मग मीही नाही काढला.

टेबलाचे पाय ठेवलेत, माळ्यावर आहेत. आज फळी डागाची बाजू वर घालून ठेवतो.

तिसरी घंटा झाली, दादा. चल.